हरकत नाही

कोपरच्या त्या गल्लीत माया गायकवाडांची बालवाडी. दार थेट रस्त्यावर. पोरांनी उंबरा ओलांडला की पुढचं पाऊल डांबरावर. आता नवी लोकल लाइन येणार, फाटक कायमचं बंद होणार आणि फाटकावरच्या साऱ्या रिक्षा, टेम्पो, टँकर याच गल्लीतून वळवणार. नकाशात हा वळवलेला रस्ता हिरव्या रंगात दाखवलेला. हिरवा का, ते रंगवणाऱ्यालाच ठाऊक.

लोकांच्या हरकती ऐकायला सुनावणी ठेवली, तीही लग्नाच्या हॉलात. आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं भिंतीवर तशीच, आणि नवरा-नवरीच्या सोनेरी कोचावर सल्लागार कंपनीचे सौमित्र साहेब बसलेले. तेही उशिराच आले. ‘‘शिळफाट्याला अडकलो हो, काय ते ट्रॅफिक!’’ ट्रॅफिकची आखणी करणारा माणूस हे सांगत होता, आणि समोरची माणसं चक्क हळहळत होती.

मायाबाईंच्या पाठीशी अख्खी गल्ली उभी राहणार होती. तसं शेजारच्या विश्रामने छातीवर हात ठेवून सांगितलेलं. विश्राम म्हणजे बारसं, मयत आणि फोटो, तिन्हीकडे पुढे. ‘‘ताई, तुम्ही फक्त बोला. मागे आम्ही आहोत.’’ मागे होतेच. समोशांचं टेबल मागेच होतं.

मायाबाईंनी माईक घेतला. ‘‘मी माया गायकवाड. आमच्या गल्लीत बालवाडी...’’

‘‘ताई, एक मिनिट,’’ साहेब गोड हसले. ‘‘आधी आमचं दाखवून होऊ दे, मग तुमचं. चालेल ना?’’

‘‘हरकत नाही,’’ मायाबाई म्हणाल्या. सभ्य माणूस आणखी काय म्हणणार?

बाजूच्या कारकुनाने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

मग पडद्यावर गल्ली आली. दोन्हीकडे झाडं, मधून कॉफीचे कप घेऊन चालणारी गोरी माणसं. रिक्षा एकही नाही. टाळ्या पडल्या. स्वतःच्याच गल्लीतून स्वतःला पुसून टाकलंय, हे बघूनही माणसं टाळ्या वाजवत होती.

‘‘गल्लीतर्फे गायकवाड ताईंची हरकत नाही,’’ साहेब म्हणाले. ‘‘पुढचा विषय.’’

‘‘अहो, मी अजून बोललेच नाही!’’

‘‘माईकवर नाव सांगितलंत, हरकत नाही म्हणालात. सगळ्यांनी ऐकलंय.’’

‘‘ते थांबायला म्हटलं मी!’’

हॉल हसला. ज्यांची पोरं बालवाडीत, तेही हसले. मायाबाई मागे वळल्या. ‘‘विश्राम, अरे, तू तरी सांग ना यांना!’’

विश्रामच्या तोंडात समोसा. ‘‘सोडा ना ताई. नव्या रिक्षा स्टँडची रिबन तुमच्याच हातून कापू. चटणी घ्या, मस्त आहे.’’

सुनावणी आटोपल्यावर मायाबाई काही न खाता निघाल्या. बालवाडीचं दार उघडून आत जातात न जातात, तोच गल्लीत हॉर्न. फाटक पडलेलं, म्हणून साहेबांच्या ड्रायव्हरने मोबाइलवर रस्ता सांगणाऱ्या बाईचं ऐकून गाडी इकडे घातलेली. समोरून पाण्याचा टँकर. मागे रिक्षांची रांग. कोणी हलेना.

काच खाली झाली. ‘‘ताई, गाडी जरा तुमच्या दारात घेऊ? टँकर जाईपर्यंत. हरकत नाही ना?’’

‘‘हरकत आहे,’’ मायाबाई म्हणाल्या. ‘‘लिहून घ्या.’’ आणि कडी घातली.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात हॉलातून परतलेला विश्राम हातातला समोसा सांभाळत धावला. ‘‘सर, सर, आमच्या अंगणात घ्या! येऊ द्या, येऊ द्या... बस!’’

बस म्हणेपर्यंत मागची चाकं अंगणात पसरलेल्या, विश्रामच्या आईच्या, जाईबाईंच्या जुन्या लुगड्यावर चढलेली. त्यांनी सकाळपासून लाटून त्यावर पापड वाळत घातले होते. म्हातारी लाटणं हातात घेऊन दारात आली. चाकांकडे बघितलं, मग लेकाकडे.

‘‘सॉरी हं आजी,’’ साहेब आतूनच म्हणाले.

जाईबाईंनी तोंड उघडलं, पण विश्रामच आधी बोलला, कमरेत वाकून:

‘‘हरकत नाही सर, हरकत नाही.’’