वणेकाठचे धुके

नगरपालिकेच्या अंकुशसाहेबांनी लाकूडठशाच्या छाप्यावर बोट टेकवले तेव्हा शाई ओलीच होती. त्यामुळे काय काढून टाकायचे याची खूण आपोआप उमटली.

“सर, एवढी सात घरं काढा. बाकी एक नंबर. नदी म्हणजे प्रवाह, टेकडी म्हणजे स्थैर्य, बाभूळ म्हणजे चिवट आशा. सभागृहात येणाऱ्याला अर्थ लागला पाहिजे.”

“अन् घरं म्हणजे?” कवडू सरांनी विचारले.

साहेबांनी शाईचे बोट रुमालाला पुसले. “घरं म्हणजे निसर्ग नाही ना.”

युक्तिवाद निर्दोष होता. याच युक्तिवादाने हिंगणघाटातली वणा नदीकाठची ती वस्ती गेल्या उन्हाळ्यात सुशोभीकरणासाठी उठवली गेली होती. निवृत्त चित्रकला-शिक्षक कवडू यांच्या दिवंगत आईचे, जिजाबाईंचे, घर तिथलेच. फोटो होते, पण फोटोत माणसे पुढे उभी राहतात, घर मागे झाकले जाते. अख्खे घर उरले होते ते या छाप्याच्या सागवानी फळीवर, सरांनी वर्षभर कोरलेले. तेही उलटे, कागदावर सुलटे उमटावे म्हणून.

दुपारी त्यांनी पटाशी घेतली. त्यांची बायको अन्नपूर्णा दारात येऊन उभी राहिली.

“काऊन कापून राह्यले? मायचं घर हाय ते.”

“सायबाले नाई पायजे.”

“उद्या म्हनन, परत बसवा. बसवान?”

“लाकडात बसत नाई.” ते भुगा फुंकत म्हणाले, “नदीकाठीबी कुठं परत बसलं.”

“मंग नाई म्हना ना. तोंड हाय ना तुमाले?”

होते. पण नाही म्हणायला जे लागते, ते गेल्या उन्हाळ्यात नदीकाठी वापरून संपले होते.

सहा घरांचा भुगा झाला. सातव्याभोवती त्यांनी चाकूने बारीक रेघ मारली. नखाएवढी ढलपी अखंड सुटली. ती त्यांनी खिशात टाकली.

लाकडात कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो. तिथे मागाहून झाड लावता येत नाही. नव्या छाप्यात नदीकाठी कोरा पट्टा उमटला.

“धुकं,” साहेब समाधानाने म्हणाले. “धुकं म्हणजे शांती.”

बाहेर मे महिना होता. पारा सत्तेचाळीसवर.

साहेब गेल्यावर सरांनी छापा पालथा केला. खिशातली ढलपी काढून तिला शाई लावली आणि कागदाच्या पाठीवर, कोपऱ्यात, अंगठ्याने दाबून धरली. मग छापा चौकटीत घालून ती बंद केली.

सोमवारी ती सभागृहात टांगली गेली. जिजाबाईंचे घर तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून आहे.