वादळाची सुट्टी कोणी दिली?

मी छ्यू बाई. तैवानमधल्या सूआओ बंदराजवळच्या शाळेत नववीला संगणक शिकवते. खरं तर एकच गोष्ट शिकवते: पटकन विश्वास ठेवू नका. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, पत्ता कुणाचा, फायदा कुणाचा? हे चार प्रश्न विचारल्याशिवाय माझी पोरं वेबसाइटवरची पाककृतीसुद्धा मानत नाहीत. माझा नवरा म्हणतो, "तुला देव भेटला तरी तू ओळखपत्र मागशील." मागेन की! भोंदू काय कमी आहेत?

त्या बुधवारी वादळाचा इशारा आला आणि संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर जिल्हा कार्यालयाचं म्हणून वेबसाइटचं एक पान फिरलं. उद्या जिल्ह्यात वादळाची सुट्टी. सुट्टी म्हटली की आमच्याकडे माणसं आधी सिनेमाची तिकिटं काढतात, मग खिडक्यांना चिकटपट्ट्या लावतात. वादळ मात्र उत्तरेला निघून गेलं. गुरुवारी लख्ख ऊन, चाचणी परीक्षा, आणि माझ्या अठ्ठावीस पोरांपैकी एकोणीस गायब!

मी त्या ग्रुपवर नाही. दिवसभर अफवा वाचायचा मला पगार मिळत नाही. शिस्तप्रमुख ताय सर सांगायला आले, "हुबेहूब जिल्ह्याचं पान बनवलंय हो बाई. हे पोरांचंच काम."

माझ्या डोक्यात एकच नाव आलं. पेइत्सन.

पेइत्सन ही मासेमारी बोटीच्या तांडेलाची मुलगी. डोकं तल्लख, जीभ त्याहून. वर्गात खोटी पानं ओळखण्यात पहिली, आणि मागच्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "बाई, याहून भारी खोटं पान मी बनवून दाखवीन." वर गुरुवारी ती हजर! खोटं आहे हे जिला आधीच माहीत, तीच येणार ना? मला तर शंकाच उरली नाही.

तिला किलुंगच्या जहाज-शाळेत जायचंय. सातवीपासून हेच वेड. माझं शिफारसपत्र टेबलाच्या खणात तयार होतं. पण वर्तनाच्या दाखल्यावर गैरवर्तनाची एक मोठी नोंद पडली की ती शाळा दारातूनच परत पाठवते. हे तिला ठाऊक होतं, मलाही. जीव तुटत होता आणि रागही येत होता. मीच शिकवायचं आणि हिने ते असं वापरायचं?

शुक्रवारी तिला ताय सरांच्या खोलीत बोलावलं.

"का केलंस?" मी विचारलं.

तिने टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

"अगं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? वर्गात तर चुरुचुरु बोलतेस!"

"बाई, तुम्ही ते पान पाहिलंत का?"

"उलट प्रश्न मला?"

ताय सरांनी शिक्षेचा अर्ज पुढे ओढला. अपराध, अपराध्याचं नाव, सही. सोबत जोडायला पानाची छापील प्रत होती. ती मी उचलली, फक्त तिच्या नाकासमोर नाचवायला. आणि नजर खाली गेली.

जिल्हा कार्यालयाचा शिक्का उलटा. कुठल्या दिवशीची सुट्टी ते नाही, नुसतं 'उद्या'. चौकशीसाठी नंबर, तो आमच्या उपाहारगृहाचा. आणि पत्ता शाळेच्याच वेबसाइटचा.

ते पान माझं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या वर्गाला 'यातल्या तीन चुका शोधा' म्हणून मीच बनवलं होतं, आणि काढायचं विसरले होते. कुणाच्या तरी हाती लागलं, आणि पत्ता शाळेचा पाहून पालकांनी डोळे मिटून मानलं. दिवस न लिहिलेलं 'उद्या' कधीही खरं वाटतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"बुधवारीच. त्या नंबरवर फोन केला तर मावशी म्हणाल्या, सुट्टी कसली, उद्यासाठी पन्नास अंडी उकडायचीत. म्हणून आले परीक्षेला." तिचे डोळे भरले. "तुमचंच असणार हेही कळलं. दुसरं कोण उपाहारगृहाचा नंबर घालेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का केलंस तेच विचारत होतात. मी केलं का, हे कुणी विचारलंच नाही."

चार प्रश्न जगाला विचारणारी मी, हिला त्यातला पहिलासुद्धा विचारला नव्हता. थोबाडीत बसावी तसं झालं.

ताय सरांनी दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, पालक खवळलेत. अर्जावर कुणाचं तरी नाव हवंच. तुमची निवृत्ती दीड वर्षावर. पोरीचं काय, लहान आहे, दुसरी शाळा मिळेल."

क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला ते पटलंही. पेइत्सन माझ्याकडेच बघत होती, वर्गात पडद्यावरच्या पानाकडे बघते तशी. ही बाई खरी की खोटी?

"पेन द्या," मी म्हणाले.

अपराध्याच्या नावापुढे मी माझं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद ताय सरांकडे सरकवला.

पेइत्सनने नाक पुसलं, वाकून अर्ज नीट वाचला आणि म्हणाली, "बाई, तारीख राहिली."