मुखपृष्ठावरचा मार

खोटा मार रंगवण्यात ताईचा हात धरणारं त्या धंद्यात कुणी नव्हतं. नवशिक्या मेकअपवाल्या सरळ जांभळा रंग थापतात आणि मॉडेलचं वांगं करून ठेवतात. ताईला ठाऊक होतं, की मार पहिल्या दिवशी लाल असतो, मग जांभळा होतो, पाचव्या दिवशी कडेनं हिरवट दिसतो आणि जाता जाता पिवळा पडतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार वर्षं तिनं ते धाकट्या बहिणीच्या तोंडावर पाहिलं होतं.

धाकटीचा नवरा दिसायला देखणा, बोलायला लाघवी. चारचौघांत बायकोला ‘राणी’ म्हणायचा मेला. शेवटच्या वेळी त्यानं राणीचं डोकं ओट्यावर आपटलं आणि वर तोंडावर ठोसा हाणला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटातल्या अंगठीचा चौकोनी खडा तिच्या डाव्या डोळ्याखाली उमटला. धाकटी अनवाणी पळत ताईकडे आली. लाजेनं डॉक्टरकडे जाईना. ताईनं तिचा फोटो काढला आणि त्याच्या जोरावर दोघींनी कोर्टात अर्ज केला, की या माणसानं तिच्या आसपासही फिरकू नये. पुरावा म्हणाल तर तेवढा एक फोटो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी फॅशन मासिकाच्या संपादिकेनं ताईला बोलावलं. ऑफिसात तिला वाघीण म्हणत. अंक खपत नव्हता आणि वाघीण पिसाळली होती. तिला मुखपृष्ठावर उंची कोटातली, मार खाल्लेली बाई हवी होती.

“लोक भडकले पाहिजेत,” वाघीण म्हणाली.

“मग रक्त दाखवू?”

“रक्तानं कोण भडकतं गं? रक्त दिसलं की लोक पान उलटतात. बाई रडत असली की चुकचुकतात आणि चहा पितात. हिला ताठ उभी करू. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून हसू दे. मार खाऊनही हसते म्हणजे काय? बघ, कसे अंगावर येतात!”

ताईची एक सवय होती. मनचं ती कधी रंगवत नसे, पाहिलेलंच रंगवी. ब्रश हातात घेतला आणि डोळ्यांसमोर धाकटी आली. डावा डोळा, सुजलेली पापणी, खाली चौकोन. चौकोन उमटवताना तिला कळलं नाही का? कळलं. पण काम इतकं फक्कड जमत होतं, की हात थांबवायचं तिच्या जिवावर आलं.

अंक निघाला आणि आग लागली. चौकात गठ्ठेच्या गठ्ठे जाळले, ऑफिसच्या काचा दगडांनी फुटल्या, वाघिणीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. अंक हातोहात खपला. आत ताईचं नाव ठळक छापलं होतं. धाकटीनं अंक उघडलाही नाही. मुखपृष्ठाकडे बघून ती एवढंच म्हणाली, “ताई, हा माझा डोळा आहे.”

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरा तडाखा कोर्टात बसला. नवऱ्याच्या वकिलानं फोटो आणि मुखपृष्ठ शेजारी शेजारी ठेवलं. “साहेब, तोच डोळा, तोच चौकोन. या बाईंनी आधी बहिणीवर सराव केला, मग मॉडेलवर हात साफ केला. माझ्या अशिलाला हकनाक गोवलंय.”

“हे मुखपृष्ठ तुम्ही रंगवलंत?” न्यायाधीशांनी विचारलं.

“हो.”

“आणि हा फोटो?”

“तो खरा आहे, साहेब.”

“मग फरक कसा ओळखायचा?”

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल देऊ, असं सांगून न्यायाधीश उठले.

बाहेर धाकटी भिंतीला टेकून उभी होती. “अर्ज फेटाळला, तर आज तो मला जिवंत ठेवणार नाही.” तिचा नवरा ताईजवळ येऊन गोड हसला. “काम झकास हं तुमचं, ताई.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिला वाघीण आठवली. दाराशी शिपाई उभा होता, बाकांवर माणसं बसली होती. ती ताठ उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि हसली.

“हसायला काय झालं?”

“तुम्हाला बघून, जावईबापू. धाकटी तुम्हाला घाबरते, मला मात्र हसू आवरत नाही. घरातल्या बाईला मारण्यापलीकडे आयुष्यात काही जमलंय का हो तुम्हाला?”

“तोंड सांभाळा!”

ती हसतच राहिली. बाकावरचं कुणीतरी फिसकन हसलं. तेवढं पुरलं. ठोसा आला तो थेट डाव्या डोळ्याखाली. ताईचं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडात खारट चव आली. ती खाली कोसळली तरी तो लाथा घालतच होता. शिपायासकट तिघांनी त्याला ओढून बाजूला केलं.

सुट्टी संपली तेव्हा ताई धाकटीच्या खांद्याचा आधार घेऊन आत आली. डोळा जवळजवळ मिटला होता. कामाच्या पिशवीतून तिनं मेकअप उतरवायच्या तेलाची बाटली आणि कापूस काढला आणि वकिलापुढे ठेवला.

“साहेब, फरक कसा ओळखायचा, विचारलंत ना? यांना पुसून बघू द्या.”

वकिलानं हात मागे घेतला. तेव्हा धाकटीच पुढे झाली. तिनं कापूस तेलात बुडवला आणि ताईच्या डोळ्याखाली दाबून फिरवला. ताई कळवळली, पण तिनं मान हलवली नाही. कापसावर नुसतं रक्त आलं. खाली लालभडक चौकोन होता तसाच राहिला.

धाकटीनं तो कापूस न्यायाधीशांसमोर धरला.

“निघत नाही, साहेब,” ती म्हणाली. “माझाही निघाला नव्हता.”