‘नंतर’ नावाचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. आइस्क्रीमचा नव्हे, तेव्हा तोंडाला पाणी सुटू देऊ नका. मी एका प्रयोगशाळेत उभा असतो. माझ्या पोटात शून्याच्या खाली ऐंशी अंश इतकी थंडी असायची, म्हणून सगळे मला ‘ऐंशीवाले आजोबा’ म्हणत. नवखे लोक ते माझे वय समजत आणि उगीच अदबीने वागत. मीही कधी तो गैरसमज दूर केला नाही.

जाड पत्रा, दुहेरी दार, दाराला रबराची पट्टी आणि पाठीशी सतत घुमणारी मोटार, असा माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला वाटले होते, आपल्याला मासे नाहीतर औषधे सांभाळावी लागतील. पण माझ्या वाट्याला माणसांचे मेंदू आले. घाबरू नका. काही आजार मेंदूला हळूहळू झिजवतात. कोणी सगळे विसरत जाते, कोणाचे हातपाय कापू लागतात. असे आजार झालेली माणसे स्वखुशीने सांगून ठेवत, ‘आमच्यामागे आमचा मेंदू अभ्यासाला घ्या.’ त्याचे नखाएवढे तुकडे छोट्या नळ्यांतून माझ्याकडे येत. नळीवर नाव नसे, नुसते आकडे आणि बाई की पुरुष एवढी खूण असे. कोणती नळी कोणाची, हे तिथे काम करणाऱ्यांना कळू द्यायचे नाही असा नियमच होता. मलाही ते कळत नसे.

प्रयोगशाळेचे मोठे सर पाहुण्यांना घेऊन आले की माझे वरचे कप्पे उघडून दाखवत. पाहुणे तोंडात बोट घालत आणि माझा ऊर भरून येई. सगळ्यात खालचा कप्पा मात्र नवी नळी आत टाकण्यापुरताच उघडे. त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहिले होते, ‘नंतर’.

त्या कप्प्याची गोष्ट ऐका. आपल्या प्रत्येक पेशीत आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या असतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. शेवटच्या जोडीत पुरुषाकडे एक एक्स आणि एक छोटासा वाय असतो. बाईकडे दोन एक्स असतात. आता गंमत पाहा. दोन एक्सची बाईच्या पेशीला गरज नसते, म्हणून ती एकाला घडी घालून कोपऱ्यात झोपवते. कोणाला झोपवायचे, आईकडच्याला की वडिलांकडच्याला, हे बाळ पोटात अगदी इवलेसे असताना एकेक पेशी आपापले ठरवते. म्हणजे एकाच बाईच्या मेंदूत शेजारी शेजारी बसलेल्या पेशींपैकी एकीत आईचा एक्स जागा, दुसरीत वडिलांचा! आणि झोपलेलाही पुरता झोपत नाही. त्याच्यावरची काही जनुके डोळे किलकिले करून काम करतच राहतात. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझी मोटार थांबली, असे सांगितले तर ती थाप होईल. पण थांबावीशी वाटली खरी.

हिशेब करणाऱ्यांची मात्र या चमत्काराने डोकेदुखी झाली. पुरुषाला एक, बाईला दोन, त्यातला एक झोपलेला, तोही अर्धामुर्धा! मग त्यांनी बाकीच्या जोड्यांचा अभ्यास केला, बायका आणि पुरुष एकाच राशीत टाकून सरासरी काढली आणि एक्स बाजूला ठेवला. प्रत्येक मेंदूच्या एक्ससाठी राखलेल्या नळ्या खालच्या कप्प्यात जाऊ लागल्या. “हे नंतर बघू,” मोठे सर म्हणत. माणूस वाईट नव्हता हो, कामाखाली दबलेला होता. त्या कप्प्यात नळ्या नुसत्या पडून राहिल्या आणि त्यांच्यावर बर्फ साचत गेला.

एके दिवशी एक भाऊबहीण रक्त द्यायला आले. दोघांनाही आईकडून एकच सदोष जनुक मिळाले होते. भाऊ थोरला, तरी त्याचे डोके खणखणीत होते. धाकटी बहीण मात्र विसरू लागली होती. भावाची शाळकरी मुलगी आत्याचे बोट धरून उभी होती.

“मी मेल्यावर यात राहणार होय?” आत्याने माझ्या दारावर थाप मारली. “चला, उन्हाळ्याची तरी काळजी मिटली!”

सगळे हसले. मग ती सरांकडे वळली. “आम्ही एकाच आईची लेकरं. दोष दोघांत तोच. दादा माझ्याहून मोठा. मग मीच आधी का हो?”

सर म्हणाले, “माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही.”

निघताना तिने पुन्हा विचारले, “मग मीच आधी का हो?” आपण हे आत्ताच विचारले, हे ती विसरून गेली होती. प्रश्न तेवढा विसरली नव्हती. भाचीने तिचे बोट घट्ट धरले. मला गलबलून आले.

वर्षे गेली. आत्या गेली आणि कोणत्यातरी आकड्यांखाली माझ्याकडे आली. पुढे भाचीही आली, ती शास्त्रज्ञ होऊन, याच प्रयोगशाळेत. तोवर मी थकलो होतो. रबराची पट्टी झिजली, मोटार कण्हू लागली. मग चकचकीत पडद्याचा नवा फ्रीझर आला. मी नाक मुरडले, पण करतो काय? त्याला कप्पे कमी होते.

“वरचे हलवा आणि खालचा टाकून द्या,” सर म्हणाले. “इतकी वर्षं त्यातली एक नळी कोणी बाहेर काढलेली नाही.”

भाची माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “सर, माझी आत्या यातच आहे.”

“कुठल्या नळीत?”

“ते मला माहीत नाही, आणि माहीत असूही नये. म्हणूनच यातली एकही टाकू देणार नाही.” तिने माझ्या दाराला पाठ लावली. “बाबांचा दोष माझ्यातही आलाय, सर. मी तपासून घेतलंय. मी बाबांच्या वाटेनं जाणार की आत्याच्या, सांगा ना! कसं सांगणार? बायकांचा हिशेब वेगळा मांडलाय कुठे आपण?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “तुझ्या आत्यालाही मी ‘माहीत नाही’ असंच म्हणालो होतो,” ते पुटपुटले. मग त्यांनी हातमोजे चढवले आणि स्वतःच खालच्या कप्प्याचा बर्फ खरवडायला बसले. मी जीव मुठीत धरून मोटार चालू ठेवली. शेवटची नळी नव्या फ्रीझरमध्ये गेली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

भाचीने बायकांचा आणि पुरुषांचा हिशेब वेगवेगळा मांडला. बऱ्याच बायकांच्या नळ्यांत झोपलेल्या एक्सवरचे एक जनुक जागे सापडले, आणि विसरण्याच्या आजारात मेंदूत जो कचरा साचत जातो, त्याच्याशी त्याचा संबंध दिसत होता. औषध अजून दूर होते. तिची स्वतःची वाट कोणती, हेही कळले नव्हते. त्या दिवशी तिने नव्या फ्रीझरचे दार उघडले. पांढरी वाफ बाहेर आली.

“आत्या,” ती सगळ्याच नळ्यांना म्हणाली, “थोडंसं उत्तर मिळालंय गं. बाकीचं शोधतेय. पण तुझा प्रश्न अगदी बरोबर होता.”

मित्रांनो, मी आता भिंतीशी उभा राहून भंगारवाल्याची वाट पाहतो आहे. माझी तक्रार नाही. इतके नवल पोटात सांभाळायला कितीजणांना मिळते? एवढेच मागणे आहे की फ्रीझरचे दार नीट लावत जा, आणि कशावरही ‘नंतर’ अशी पट्टी चिकटवण्याआधी आत डोकावून पाहा. तिथे कोणाची तरी आत्या असते.