पाट्या उतरवल्यावर

पाटीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीची बारीकशी फुली होती. पुढून बाईंचंच अक्षर, पांढऱ्या रंगातलं, ठसठशीत – ‘कडुनिंब’ – आणि मागे ही फुली... कुणी केली, कशाला केली, कुणास ठाऊक. बाईंनी अंगठ्यानं घासून पाहिली, पण जाईना, तेव्हा पाटी परत खोक्यात टाकली. बावीस झाडांच्या बावीस पाट्या. वीस उन्हाळे त्या झाडांवर होत्या, आणि भाचीनं शिबिराच्या पहिल्याच सकाळी पक्कड घेऊन सगळ्या उपटल्या होत्या.

“मावशी, मुलं पाटी वाचतात गं. झाड बघतच नाहीत.”

वा! म्हणजे वीस वर्षं आम्ही काय झक मारली? – हे ओठांवर आलेलं बाईंनी गिळलं होतं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनीच तर निसर्ग शिबिर यंदा भाचीच्या हाती सोपवलं होतं, एक वर्ष करून बघ म्हणून. आज शेवटचा दिवस. दुपारी समितीच्या अध्यक्षांचा फोन येणार होता आणि बाईंनी एवढंच सांगायचं होतं, की पुढच्या वर्षीपासून भाचीची रीत चालू ठेवायची की आपली जुनी. उत्तर ठरलेलं होतं. पाट्या परत लागणार होत्या.

आणि तरी... त्या व्हरांड्याच्या पायरीवर आल्या आणि थबकल्या. आवारात अठरा मुलं, प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली एकेकटं, आणि चकार शब्द नाही. पहिल्या दिवशी झाड निवडायचं, आपल्या मनानं त्याला नाव द्यायचं, रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसून दिसेल ते वहीत टिपायचं. खरं नाव आज, शेवटच्या दिवशी, पुस्तकात आपलं आपण शोधायचं. आपल्या वेळी शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखायचे तेव्हा कुठे रांग सरळ व्हायची, आणि ही पोरगी आवाज न चढवता यांना गप्प बसवते म्हणजे कमालच म्हणायची – बाईंना कौतुक वाटत होतं, आणि कौतुक वाटतंय याचाच राग येत होता.

“आजी, इकडे या ना!” भुंगा हाक मारत होती. आठ वर्षांची ही मुलगी प्रश्न विचारून विचारून डोकं खाते म्हणून हे नाव पडलेलं. तिच्या झाडाचं नाव तिनं ‘विसरभोळी’ ठेवलं होतं, का तर ते दिवसभर काही ना काही खाली पाडतं.

“हं. तुझं झाड कडुनिंब,” बाई म्हणाल्या. बुंध्यावर खिळ्याची भोकं अजून दिसत होती.

“पण आजी, पुस्तकातल्या कडुनिंबाला एकच दांडी आहे, दोन्हीकडे पानं. माझ्याला दांडीतून परत दांड्या फुटल्यात. बकाण निंब आहे हे. आणि फुलं जांभळी.”

“अगं, शेजारच्या झाडाची आली असतील वाऱ्यानं.”

“वारा नसतानापण पडतात. मी रोज बघते.”

बाईंनी वर पाहिलं. मग शेजारच्या झाडाकडे पाहिलं... एकमेकांत शिरलेल्या फांद्या, खाली पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा एकच सडा. पाट्या नव्यानं रंगवल्या होत्या त्या वर्षी – सात वर्षं झाली – व्हरांड्यात वाळत घातलेल्या, मुलं यायची वेळ झालेली, घाईघाईत ठोकलेल्या. या दोघांच्या तेव्हाच अदलाबदल झाल्या असणार. आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात मुलं या झाडाखाली एका सुरात ‘कडुनिंब’ म्हणून ओरडत आली आणि आपण शाबासकी देत आलो. मीही पाटीच वाचत होते की काय? सात वर्षं?

“शाबास,” त्या म्हणाल्या. “तुझंच बरोबर. माझं चुकलं.”

“असू दे,” भुंगा म्हणाली आणि वहीत डोकं घातलं.

व्हरांड्यात परत येऊन बाईंनी खोकं उपडं केलं. एकेक पाटी उलटून पाहिली. फुली दोनच पाट्यांवर होती, कडुनिंब आणि बकाण. ती फुली भाचीची होय...

म्हणजे पोरीला ठाऊक होतं. दोनच पाट्या बदलल्या असत्या तर साऱ्या शिबिराला दिसलं असतं, की बाई चुकल्या. तिनं बावीसच्या बावीस उतरवल्या. आणि मी? मी आठ दिवस गाल फुगवून बसले, तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही, आणि तिनं ते हसत सोसलं. की तिला खरंच पाट्या नकोच होत्या, आणि चूक आपली जाता जाता झाकली गेली? विचारावं का? बाईंना एकदम भरून आलं. विचारायचा धीर मात्र होईना.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. अध्यक्षच असणार. पर्स तिथेच ठेवून बाई गुडघे सांभाळत पायऱ्या उतरल्या, भुंग्याच्या शेजारी सतरंजीवर बसल्या आणि खाली पडलेलं एक पान उचललं. दांडी, दांडीतून दांडी, तिच्यावर पानं... किती बारीक कातरलेल्या कडा. हे कधी पाहिलं होतं आपण?

“मावशी, फोन वाजतोय तुझा,” भाची व्हरांड्यातून म्हणाली. तिच्या पायाशी पाट्या उलट्या पसरलेल्या होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “आणू का इकडे?”

“थांब गं जरा,” बाई पानावरची नजर न काढता म्हणाल्या. “माझं अजून बघून व्हायचंय.”