उशीत शिवलेली फाईल

मी एक फाईल बोलतेय. आवाज दबका वाटला तर समजून घ्या. नऊ वर्षं एक बाई माझ्यावर बसून होती.

मुलांच्या इस्पितळात माझा जन्म झाला. छोटी तेव्हा चार वर्षांची होती. रडली की तिचे ओठ निळे पडायचे. सर्जननं तिच्या हृदयातलं भोक बुजवलं आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची अरुंद झडप कापून मोकळी केली. तो सगळा तपशील माझ्या पोटात आहे. शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलंय : 'झडप गळत राहील. दरवर्षी तपासणी, आयुष्यभर.'

छोटीची आई शिवणकाम करायची. तिनं पहिल्या पानावरचं 'ऑपरेशन यशस्वी' वाचलं, डोळे पुसले आणि मला मिटून टाकलं. हवं ते वाचून झालं की माणसांना पुढचं पान उलटायचा कंटाळा येतो. दोन-तीन तपासण्या झाल्या. मग छोटी इतर पोरींसारखी धावायला लागली आणि आईच्या लेखी ती बरी झाली.

छोटीचं लग्न ठरलं तेव्हा आई धास्तावली. फाईल सासरच्यांच्या हाती लागली तर? मला जाळणं तिच्या जिवावर आलं. म्हणून तिनं मला कापसात गुंडाळलं, मशीनसमोरच्या स्टुलाच्या उशीत घातलं आणि चारी बाजूंनी बारीक टाके मारले. हात सफाईदार, कुणाला शंका येणं शक्यच नव्हतं.

काही वर्षांनी छोटी माहेरी आली ती भिंतीला धरूनच.

"आई, जिना चढले तरी धाप लागते गं. डॉक्टर विचारतात, ऑपरेशन नेमकं कसलं होतं?"

"भोक होतं, बुजवलं. तेवढंच सांग."

माझ्यावर बसूनच म्हणाली ती हे! मी आत नुसती तडफडले.

छोटीनं सगळीकडे तेवढंच सांगितलं. कुणी दम्याची औषधं दिली, कुणी वजन कमी करायला सांगितलं. मुलांचे हृदयतज्ज्ञ म्हणाले, "तुम्ही आता मोठ्या झालात." मोठ्यांचे म्हणाले, "जन्मजात दुखणी आमच्याकडे फारशी येत नाहीत. जुने कागद आणा." कागद कुठून आणणार?

एके दिवशी ती कामावर उभ्या उभ्या कोसळली. जावयाचा फोन आला आणि आईनं कात्री घेऊन उशी फाडली.

जन्मजात हृदयरोग घेऊन मोठ्या झालेल्यांना तपासणाऱ्या एक डॉक्टरबाई दूरच्या शहरात सापडल्या. दोन गाड्या बदलून आम्ही पोचलो. त्यांनी मला मागून उघडलं. असं करणारं पहिलंच माणूस!

"ही फाईल इतकी वर्षं होती कुठे?"

आई खाली बघत म्हणाली, "माझ्याच बुडाखाली."

डॉक्टरबाईंनी लाल शाईतल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "वेळेत आला असतात तर झडप बदलली असती. आता हृदयात तेवढी ताकद उरलेली नाही. औषधांवर जमेल तितकं सांभाळू."

छोटी आईला एका शब्दानं बोलली नाही. मला तेच सगळ्यात जड गेलं.

आता मी तिच्या उशाशी असते. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी कुठे दडपलेली असेल, तर बाबांनो, तिला बाहेर काढा आणि शेवटपर्यंत वाचा.

काल आईला माझ्या कापडी पुठ्ठ्याचा उसवलेला कोपरा दिसला. सवयीनं तिनं सुईत दोरा ओवला.

"राहू दे, आई," छोटी धाप आवरत म्हणाली. "आता नको शिवूस."

आई सुई हातात धरून तशीच उभी राहिली. छोटीनं खुर्ची दाखवली, तरी ती बसली नाही.