टोचलेली गुंज

आमच्या सासूबाई, भागिरथीबाई पटवेकरीण, माळ गाठवायला बसल्या की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरातला दंडक होता. पायाच्या अंगठ्याला रेशमाची लड अडकवायची, दुसरं टोक दातात धरायचं, आणि एकेक मणी ओवून त्याच्यामागे गाठ मारायची. प्रत्येक मण्याला स्वतंत्र गाठ. कोल्हारच्या बाजारात दुसरेही माळा विकायचे, पण त्यांचे मणी सरसकट ओवलेले; दोरा तुटला की सगळे रस्ताभर. आमच्या माळेतला एखादा मणी फुटला तरी तेवढाच जायचा, बाकीचे जागच्या जागी. या गोष्टीचा सासूबाईंना इतका गर्व होता की गिऱ्हाईक दारात आलं की आधी माळेला हिसका देऊन दाखवायच्या आणि मग पाण्याचं विचारायच्या. तोंडात दोरा असला की मात्र त्या गप्प असत. घरात मला तेवढाच काय तो निवांतपणा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला होता. आदल्या वर्षीचा पाऊस गेला तो गेलाच. प्रवरेच्या वाळूत लोक झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होते. अशा दिवसांत गळ्यातल्या माळा कोण घेणार? तरी सासूबाई रोज बसायच्या. हात थांबले तर आखडतील म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळीच कानिफनाथ आला. हा नदीपलीकडच्या वस्तीवरचा शेतकरी, आमचं दरवर्षीचं गिऱ्हाईक. पोळ्याला बैलांच्या माळा आमच्याकडूनच न्यायचा. बैलाला काही कोणी अकिकाचे खडे घालत नाही. त्या माळा आम्ही गुंजांच्या करायचो. गुंजा रात्री भिजत घालायच्या आणि सकाळी तापवलेल्या सुईनं टोचायच्या. लाल अंग आणि डोक्यावर काळा ठिपका. दोन घरं टाकून पलीकडचा सोनार त्यांनीच सोनं तोलायचा, त्यामुळे गुंजेला वाईट म्हणायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

कानिफनाथानं पिशवीतून चघळलेली, अर्धी तुटलेली माळ काढून ओट्यावर टाकली.

"या माळंनं माजी शेळी मेली," तो म्हणाला.

"शेळीनं माळ खाल्ली का माळंनं शेळी, ते तरी नीट सांगा," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, हे सासूबाई सगळ्या गावाला सांगायच्या, आणि ते खरंच होतं.

कानिफनाथ हसला नाही. "चेष्टा नगा करू, वैनी. खुंटीवरनं माळ पडली, शेळीनं चघळली. रगताची हगवन लागली आन् पाय झाडून मेली. गुरांच्या डाक्टरला दावलं. तो म्हनला, गुंज अख्खी गिळली तर तशीच बाहीर पडती, तिचं टरफल फुटत न्हाई. पर टोचलेली असंल, न्हाईतर दाताखाली फुटली, तर आतलं जहर सुटतं. ल्हान पोराला एक बी बास हाय म्हनला. तुमच्याकडं ह्यांचा ढीग असतुया, म्हनून सांगाया आलो. घरातल्या समद्या माळा म्या चुलीत घातल्या."

सासूबाईंच्या दातातला दोरा सुटला. मांडीवरचे मणी घरंगळत ओट्याखाली गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून मणी पडलेला मी पाहिला नव्हता.

"मने," त्या म्हणाल्या, "गोरक्षाच्या माळंत बी हायती."

गोरक्ष माझ्या भावाचा, आप्पाचा मुलगा. माझं माहेर सुप्याजवळच्या वस्तीवर. आप्पाला लग्नानंतर आठ वर्षांनी झालेलं हे पोर. तीन आठवड्यांपूर्वी त्याची उष्टावण झाली, तेव्हा आत्या म्हणून मी माळ घेऊन गेले होते. लाल अकीक, मध्ये काळे मणी, खाली मी स्वतः केलेला रेशमी गोंडा. माझ्या हातानं ती मी त्याच्या गळ्यात घातली, आणि त्यानं ती लगेच धरून तोंडात कोंबली. आम्ही सगळ्या बायका खिदळलो. आत्याची माळ गोड लागली म्हणून मीच सगळ्यांत मोठ्यानं हसले होते.

"तुमी तर समदं अकीक हाय म्हनला हुता, मामी!" सासूबाईंना मी मामीच म्हणायची.

"पाच कमी पडलं. नगरवाल्याकडं खंबायतचा अकीक आला न्हवता, आन् तू सकाळच्या येस्टीनं निघनार. बिनमाळंची आत्या म्हनून गेली असतीस तर तुजंच नाक कापलं असतं." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "काळा ठिपका गाठीखाली झाकला. गुंज दिष्टीला चांगली असती, मने. माज्या आयनं आमा समद्या भावंडांच्या गळ्यात बांधली हुती."

"टोचून?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "फडक्यात बांधून."

नवरा राहुरीच्या बाजाराला गेला होता. सासूबाई लुगड्याचा पदर खोचून माझ्याबरोबर निघाल्या. "तुमी बसा हितंच!" म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्या खरंच बसल्या. नगरची गाडी मिळेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते की पळत होते, ते मला आठवत नाही.

गाडीत मनाला सारखी समजूत घालत होते. मेला असता तर एव्हाना सांगावा आला असता. मग वाटायचं, सांगावा घेऊन येणारा माणूस समोरून येणाऱ्या गाडीत असेल. समोरून गाडी आली की मी खिडकीतून तिच्यातले चेहरे बघायची. त्या पोराला नुकता दात येत होता. मणी चावायला एक दात पुरतो, आणि त्या मण्यांना तर भोकं आम्हीच पाडून ठेवलेली. पुढच्या बाकावर एका बाईच्या खांद्यावरचं पोर तिच्या गळ्यातली पोत चोखत होतं. मला बघवेना. "अहो बाई, काढा ते त्याच्या तोंडातनं!" मी किंचाळलेच. ती बाई दचकली, पोर भोकाड पसरून रडायला लागलं, आणि कंडक्टर मला वेड्यात काढून पुढे गेला. नगरला गाडी बदलली. तहान लागली होती, पण पाण्यासाठी पुन्हा खाली उतरायचा धीर झाला नाही.

सुप्याला उतरून वस्तीवर गेले तर घराला कुलूप. आप्पा गुरं घेऊन छावणीत होता, ते मला माहीत होतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, माझी भावजय कडूबाई खडी फोडायला जाते, पोराला बरोबर घेऊन. मी तशीच दुष्काळी कामावर निघाले.

रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाशी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. सगळ्या धुळीनं एकसारख्या झालेल्या. माझी भावजय मला ओळखू आली नाही. तिनंच हाक मारली.

"वन्सं? अवचित कशा?"

"गोरक्ष कुठंय?"

बाभळीच्या फांदीला दोन झोळ्या टांगल्या होत्या. एकीत गोरक्ष जागा होता, पायाचा अंगठा तोंडात धरून. मी त्याला उचललं, त्याचं तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं. गळ्यात नुसता काळा दोरा. मी त्याला छातीशी धरून रडायला लागले.

"माळ कुठंय, वैनी?"

कडूबाईनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रागावू नगा, वन्सं. सरकारची पिठाची सुकडी खाऊन अंगावर दूध ऱ्हाईना माज्या. पोर रातध्याड रडायचं. राहीबाई हाय ना, आमच्या बाजूला खडी फोडती, बौद्धवाड्यातली. तिनंच येक दिस उचलून पदराखाली घेतलं. तवापासनं तीच पाजती, तिच्या सुजाताबरुबर. घरात कुनाला ठावं न्हाई. तिला मी काय देनार? माळ दिली. पोरीच्या गळ्यात लई शोभती."

मला आधी हायसंच वाटलं. छातीवरची धोंड उतरली. दुसऱ्या झोळीत काय असेल ते ध्यानात यायला थोडा वेळ लागला, एवढं खरं.

सुजाता झोपली होती. माळ तिच्या गळ्यातच होती आणि गोंडा लाळेनं ओला झाला होता. मी ती डोक्यावरून काढली आणि गाठी चाचपत मणी मोजले. अकीक हाताला गार लागतो, जड लागतो. गुंजा ऊबदार, हलक्या. डोळे मिटूनही कळतात. एक, दोन, तीन, चार. पाचवीच्या जागी दोन गाठी होत्या आणि त्यांच्या मध्ये मोकळा दोरा. सासूबाईंची गाठ ती, मणी गेला तरी जागा सोडली नव्हती.

मी पोरीच्या तोंडात बोट घातलं. ती जागी होऊन किंचाळायला लागली. हिरड्या गुलाबी, खालचा एक दात, बाकी काही नाही.

"काय करताय, वन्सं?"

मी सांगितलं. कडूबाईच्या हातातला हातोडा खाली पडला. तिनं सुजाताला ओढून छातीशी धरलं आणि तिच्या तोंडाचा वास घेतला, डोळे बघितले, पाय हलवून बघितले. "ही बरी हाय," ती म्हणाली. "सकाळधरनं हसतीखेळती हाय. पर राहीबाई..."

"राहीबाईला काय झालं?"

"पहाटंपासनं वकतीय. आमी म्हनलं, ऊन लागलं."

डांबराच्या पिंपांआड हातभर सावली होती, तिच्यात राहीबाई अंग मुडपून पडली होती. वय माझ्याएवढंच असेल. ओठ पांढरे पडलेले, पोटावर दोन्ही हात दाबलेले. तिनं डोळे उघडले आणि माझ्या मुठीतली माळ पाहिली.

"तुमी आत्या न्हवं गोरक्षाच्या?" ती म्हणाली. "माळ न्याया आलाव? न्या, ताई. येवढी मोलाची वस्तू. मला वाटलंच हुतं."

"तसं न्हाई, राहीबाई..."

"पर म्या त्यातला येक मनी फोडला. बाया म्हनल्या, तुला खरा खडा कशाला दील कोन? काच आसंल. मला राग आला. काल सांजच्याला दाताखाली धरून बगितला. शेंगदान्यावानी फुटला. मंग म्हनलं, खोटा तर खोटा. कडूबाईनं मनापासून दिलाय. कुनाला सांगितलं न्हाई."

"थुकलीस का?"

"थोडा थुकला. थोडा गेला पोटात. भूक लागलेली."

खडा खरा की खोटा ते आमचे लोक जिभेनं बघतात, गार लागला की खरा. दातानं कोणी बघत नाही. पण हे तिला कोण सांगणार होतं, आणि कशासाठी? अन् खोटा माल तर आमच्याच घरातून निघाला होता. माझ्या सासूचा असा संताप आला, आणि तितकीच त्या ओट्यावर एकट्या बसलेल्या म्हातारीची कणव आली.

"राहीबाई, मी माळ न्यायला आले न्हाई," मी म्हणाले. "त्यात चुकून विखाचं बी गेलंय. तुजी वकारी त्याचीच हाय. तुला नगरच्या दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच."

मला वाटलं, ती घाबरेल, रडेल, शिव्याशाप देईल. ती द्यायला हवी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कडूबाईच्या कडेवरच्या सुजाताकडे, आणि शेवटी माझ्या काखेतल्या गोरक्षाकडे.

"ताई," ती म्हणाली, "सकाळच्याला म्या दोगास्नी बी पाजलंय."

खडीचा ट्रक रिकामा होऊन नगरकडे वळत होता. मुकादम म्हणाला, कामाची गाडी आहे, बाया न्यायला नाही. कडूबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन चाकापुढे उभी राहिली. जन्मात कुणापुढे मान वर न केलेली बाई ती. ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानंच राहीबाईला उचलून फाळक्यावरून आत घेतलं.

कडूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दोन्ही पोरं माझ्याकडे. ट्रकच्या पत्र्यावर ऊन तापलेलं होतं आणि राहिलेली खडी अंगाला टोचत होती. थोड्या वेळानं हेलकाव्यांनी पोरांना पेंग यायला लागली. एकाचे डोळे मिटले की मी त्याला चिमटा काढायची. रडलं की जीव भांड्यात पडायचा, आणि तोवर दुसऱ्याची मान कलंडलेली असायची. मग तिला चिमटा. काही कळत नव्हतं त्या जिवांना, आत्या का छळतेय ते. भुकेनंही रडत असतील. नगर अजून लांब होतं.

राहीबाईचे डोळे मिटलेलेच होते. विचारलं तरी ती ओ देत नव्हती. पण पोर रडलं, दोघांपैकी कुठलंही, की तिचा हात चाचपडत चोळीच्या गाठीकडे जायचा, आणि मी तो धरून ठेवायची.